फोटोत नसलेली खोली

संडास सगळ्यात आधी पाडला गेला, कारण तो फोटोत नव्हता.

त्यापाठोपाठ पाण्याच्या टाकीचा चौथरा गेला, मग गोठ्याला मागाहून जोडलेली चाऱ्याची खोली गेली, आणि विजेचा मीटर भिंतीवरून उतरून अंगणातल्या एका लाकडी खांबावर गेला. तिथून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे लाल डोळा मिचकावत बघत असे. दादांचा नियम सरळ होता. फोटोत आहे ते ठेवायचं, नाही ते पाडायचं. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात गेल्यामुळे त्यांचा नियमांवर फार विश्वास होता. पाणी येवो न येवो, नियम येत असे.

फोटो मूळचा पोस्टकार्डाएवढा. दादांनी तो मोठा करून फ्लेक्सवर छापून आणला आणि कोठाराच्या भिंतीवर, कामगारांना येताजाता दिसेल असा टांगला. विटांचं लांबट घर, त्याच्या उजव्या टोकाची त्रिकोणी माथ्याची उंच भिंत, मागे गोठा आणि कोंबड्यांचं खुराडं, पुढे आजोबा, आजी आणि एक गाय. आजोबांपेक्षा गाय अधिक स्पष्ट आली होती. आजीच्या कडेवर कापडात गुंडाळलेलं जे काही होतं ते दादा. त्यामुळे घर मुळात कसं होतं यावर वाद निघाला की दादा म्हणत, "मी तिथे होतो." तेव्हा त्यांना दात नव्हते, पण मतं असावीत.

उजव्या टोकाच्या भिंतीला फोटोत काहीतरी लांब आणि तिरपं टेकवलेलं दिसत होतं. दादांनी ती शिडी ठरवली, आणि सुताराकडून जुन्या लाकडाची तशीच एक शिडी करवून घेतली. ती सध्या कोठारात आडवी पडून होती. तिच्या जागेवर अजून आत्याची खोली उभी होती.

आत्याची खोली फोटोत नव्हती.

*

"छप्पर काल उतरवलं ना?" वहिनीने कपांत चहा ओतत विचारलं.

"उतरवलं," दादा म्हणाले.

"आणि आत्यांची संमती आज घ्यायची."

"तांत्रिक बाजू वेगळी, भावनिक बाजू वेगळी. तांत्रिक बाजू गवंडी बघतोय. भावनिक आपण बघायची."

कोठारात लांब टेबल टाकून सगळे बसले होते. दादा, वहिनी, दादांचा धाकटा भाऊ, त्याची बायको, आणि कोपऱ्यात मांडीवर संगणक घेऊन वास्तुतज्ज्ञ. हा वास्तुतज्ज्ञ तरुण होता, जुन्या इमारतींचा होता, आणि कुठल्याही भेगेला तो भेग म्हणत नसे. 'वास्तूचं व्यक्तिमत्त्व' म्हणत असे. टोकाची भिंत किंचित बाहेर झुकली आहे हे त्याच्या यंत्राने पहिल्याच भेटीत दाखवलं होतं. त्याने ते अहवालात 'मोहक' या सदरात घातलं होतं.

वहिनीला जुन्या घराचं प्रेम वगैरे काही नव्हतं. तिला तिथे यायच्या पाहुण्यांचं होतं. शहरातली माणसं पैसे देऊन येतील, विटांच्या भिंतींकडे बघत बसतील आणि परत जातील, अशी ती योजना होती. गोठ्यात वाचनालय, कोठारात जेवण, खुराड्यात ध्यानकक्ष. फक्त एका मुद्द्यावर नवरा-बायकोत बेबनाव होता.

"ती पाहुणे मंडळी सकाळी उठून कुठे जाणार, याचा तुम्ही काही विचार केलाय का?"

"शेजाऱ्याच्या पंपघरामागे सोय आहे. किल्ली देतो तो."

"आपल्याला देतो. रोज सकाळी परक्या माणसांची रांग बघून तो किल्ली विहिरीत टाकेल."

"फोटोत संडास—"

"अहो, फोटोत आजेसासूबाई पण उभ्या आहेत. त्या जायच्याच की कुठेतरी."

धाकटा हसला, मग दादांकडे बघून थांबला. धाकट्याचं हे कायमचं होतं. शेवटी जो बोलला त्याचं त्याला पटत असे. त्याची बायको, जिला घरात सगळे नुसतं 'धाकटी' म्हणत, मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि मनातल्या मनात नवऱ्याला 'लंबक' म्हणायची. लंबकाचा एक गुण तिला मान्य होता. तो नक्की कधी कुठे असेल हे आधी सांगता येतं.

"वहिनी म्हणते त्यात तथ्य आहे," लंबक म्हणाला. "पण दादाचाही मुद्दा आहे."

बाहेर छिन्नीचे ठोके पडायला लागले. भावनिक बाजूची वाट न बघता तांत्रिक बाजू पुढे निघाली होती.

*

आत्या आली ती अंड्यांची टोपली घेऊन. पांढऱ्या केसांची, बारकी, काटक बाई. या दोघा भाच्यांना त्यांची आई गेल्यानंतर तिनेच वाढवलं होतं. ते मोठेपणी असे निघाले यात तिचा किती दोष, यावर ती स्वतःच कधीकधी विचार करायची.

"ये आत्या, बस," दादा म्हणाले.

"कुठे बसू? ही खुर्ची फोटोत आहे का बघून घे आधी."

"आत्या, चेष्टा नको. आम्ही सगळ्यांनी मिळून एक विचार केलाय."

"सगळ्यांनी मिळून एकच? मग जपून वापरा."

दादांनी चहाचा घोट घेतला. निवृत्तीच्या समारंभात केलेलं भाषण त्यांना अजून पाठ होतं, पण ते इथे बसत नव्हतं. "हे बघ, घर मुळात जसं होतं तसं करायचं ठरलंय. तुझी खोली मागाहून बांधलेली. विटाही बघ ना कसल्या, भट्टीतल्या उरल्यासुरल्या. कुठे करपलेल्या, कुठे कच्च्या. मूळ घराशी त्यांचा काही संबंध नाही."

"विसंगत आहे," वास्तुतज्ज्ञ संगणकातून म्हणाला. "खास करून आतली ती पायऱ्यांची भिंत. कशासाठी बांधली असेल काही कळत नाही."

"मलाही कधी कळलं नाही," आत्या म्हणाली. "एवढीशी खोली, आणि त्यात मधोमध ही जाड भिंत घुसलेली. वर निमुळती, खाली रुंद. माझी खाट कधी सरळ लागली नाही. पण पायऱ्या कामाला आल्या. वरच्या पायरीवर रेडिओ, मधल्या पायरीवर औषधं, खालच्या पायरीवर अंडी."

"तेच म्हणतोय. गैरसोयच होती तुझी," दादा म्हणाले. "आता तू धाकट्याकडे शहरात राहायचं. खोली काढलीय तुला."

"कुठली?"

"मागची," धाकटा म्हणाला. "हवेशीर आहे."

"तिथे कपडे धुण्याचं यंत्र आहे," त्याची बायको म्हणाली. हे तिला आत्ता, इथे, सगळ्यांबरोबर कळत होतं.

"ते हलवू की."

"कुठे?"

"बघू."

"राहू दे रे," आत्या म्हणाली. "निदान कोणीतरी गडगडेल माझ्याशी. आणि कोंबड्या?"

 वहिनीने साखरेचा डबा उगाचच बंद केला, उघडला.

"खुराड्यात ध्यानकक्ष होणार आहे, आत्याबाई."

"मग त्यांना कशाला हलवता? त्या डोळे मिटून बसतातच."

दादांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आत्या, कोणी तुला घालवत नाहीये. पण एका माणसाच्या सोयीसाठी अख्ख्या घराचं मूळ रूप बिघडवायचं, हे बरोबर नाही. इतकी वर्षं आम्ही कोणी काही म्हटलं का तुला? आजोबांनी बांधून दिली, तू राहिलीस. आनंद आहे. पण तो काळ वेगळा होता."

धाकटीने आत्याकडे बघितलं. टोपलीच्या कडेवरची म्हातारीची बोटं हलायची थांबली होती.

"फोटो काढला तेव्हा मी सासरी होते," आत्या म्हणाली. आवाजातली मस्करी गेली होती. "पुढच्या वर्षी परत आले. पेटी घेऊन त्या दारात उभी राहिले. आई आत निघून गेली. तुझा बाप, माझा सख्खा भाऊ, गाईला पाणी पाजायला गेला. गाईचं पाणी आधीच पिऊन झालं होतं. बाबा एकटे उभे. त्यांनी का आलीस म्हणून विचारलं नाही, किती दिवस म्हणूनही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विटांची गाडी आली. 'तुझ्यासाठी खोली बांधतोय' एवढंच म्हणाले. आयुष्यात माझ्याशी तेवढंच बोलले असतील सलग. ते फोटोत दिसायचं नाही, थोरल्या. पण ते झालं. मी ती खोली सोडणार नाही."

"आत्या, छप्पर—"

"उतरवलंस. माहीत आहे. काल रात्री दिवाणखान्यात झोपले ना मी. तुला काय वाटलं, हवापालट म्हणून?"

धाकटा म्हणाला, "दादा, आत्याचंही बरोबर आहे."

"तू गप्प बस," दादा आणि आत्या एकाच वेळी म्हणाले. त्या दिवसभरात दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

*

धाकटी उठून मुख्य घरात गेली. तिथे बसून आपण काही बोललो असतो तर ते शहाणपणाचं नसतं, एवढं तिला कळत होतं. शिवाय आपल्या काचा बघायच्या राहिल्या होत्या.

टोकाच्या भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे ती लांब भिंतीला मिळते, तिथे वरून खाली एक भेग होती. दुरुस्तीचं काम सुरू व्हायच्या आधी धाकटीने त्या भेगेवर तीन जागी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या काचपट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी रुंदावली तरी पट्टी तुटते. तेव्हा दादांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. "बघा, घराला ताप आलाय. आमच्या डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावलाय." पुढे इतके महिने पट्ट्या शाबूत राहिल्या, तेव्हा तेच दादा पाहुण्यांना त्या अभिमानाने दाखवू लागले. घर भक्कम असल्याचा तो त्यांच्या मते दाखला होता. पट्टी न तुटणं म्हणजे सध्या जे आहे ते जागच्या जागी आहे, एवढाच त्याचा अर्थ, हे धाकटीने एकदा सांगून बघितलं होतं.

सगळ्यात वरची पट्टी तुटलेली होती.

ती स्टुलावर चढली. तुकडे जवळ नव्हते. मधे फट होती, नखाची कड जाईल एवढी. ती खाली उतरत असतानाच मधल्या पट्टीतून आवाज आला. 'टक्'. बोट मोडल्यावर येतो तेवढाच. भिंतीपलीकडून त्याच वेळी छिन्नी वाजत होती.

धाकटी घरात कधी धावली नव्हती. घरातल्यांना ती धावू शकते हेच माहीत नव्हतं. त्यामुळे ती अंगणातून ओरडत गेली तेव्हा सगळे आधी तिच्याकडेच बघत राहिले.

"थांबवा! हात थांबवा! त्या भिंतीला हात लावू नका!"

गवंडी पायऱ्यांच्या भिंतीवर बसला होता. वरची पायरी त्याने उतरवली होती, दुसरीत छिन्नी घातली होती. तो थांबला. "पाडा म्हटलं म्हणून पाडतोय," तो दादांकडे बोट करून म्हणाला आणि खाली उतरला.

"काय झालं?" दादा कोठारातून आले, मागून बाकीचे. "साप निघाला का?"

"पट्ट्या तुटल्या. एक आधीच, दुसरी माझ्यासमोर."

"उन्हाने तडकली असेल. काच ती काच."

"उन्हाळा-हिवाळा काढला तिने, दादा. आज ही पायरी उतरवली आणि आजच तडकली. टोकाची भिंत बाहेर चाललीय. सगळे अंगणाच्या त्या बाजूला चला. आत्याबाई, तुम्हीसुद्धा. आधी चला, मग काय ते बोला."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. दादा चक्क चालायला लागले. वास्तुतज्ज्ञाने आपलं यंत्र तिपाईवर बसवलं, भिंतीवर लाल ठिपका टाकला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. गवंड्याने लांबच्या बाजूने ओळंबा सोडला. दोरी सरळ खाली आली आणि भिंत तिच्यापासून अंग चोरून उभी राहिली. ते बघायला यंत्र लागत नव्हतं.

"मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे," वास्तुतज्ज्ञ म्हणाला.

"व्यक्तिमत्त्व खुलतंय," वहिनी म्हणाली.

*

दादांचं डोकं चालेना. चाळीसएक वर्षं त्यांनी फुटलेल्या नळांसाठी लोकांना जबाबदार धरलं होतं. इथे जबाबदार धरायला माणूस सापडत नव्हता, आणि जो सापडत होता तो त्यांना पसंत नव्हता.

"पण त्या पायऱ्यांच्या भिंतीचा आणि मूळ घराचा संबंध काय?" ते म्हणाले. "ती तर मागाहून... फोटोत बघा ना! फोटोत तिच्याशिवाय उभं आहे की घर! नुसती शिडी आहे तिथे!"

धाकटी फ्लेक्ससमोर जाऊन उभी राहिली होती. काम आणि सवय यांच्यामुळे ती कुठल्याही चित्राकडे नाक टेकेल इतक्या जवळून बघायची.

"दादा, शिडीला पायऱ्या कुठे आहेत?"

"जुना फोटो आहे. पुसट झाल्या असतील."

"गाईच्या शेपटीचे केस दिसतायत."

दादा जवळ आले. वहिनी आली. धाकटा दोघांच्या खांद्यांमधून बघायला लागला.

"एकच दांडा आहे हा," धाकटी म्हणाली. "शिडीला दोन लागतात. खाली बघा, बुडाशी दगड रचलेत, घसरू नये म्हणून. वर भिंतीला फळी लावलीय आणि फळीला दांडा ठोकलाय. शिडी अशी कोणी लावत नाही. हा टेकू आहे. भिंत तेव्हाच कलली होती. आजोबांनी आधी वासा लावला, आणि पुढच्या वर्षी वाशाच्या जागी पक्का टेकू बांधला. पायऱ्यापायऱ्यांचा, खाली रुंद. आपण त्यालाच विसंगत म्हणत होतो."

वहिनी फ्लेक्सपासून मागे सरकली. मग वहिनी म्हणाली, "आणि तुम्ही टेकवायला शिडी करून घेतलीत. वर टेकूच पाडायला काढलात."

"मला तिथे कोण सांगायला होतं?"

"तुम्ही होतात ना तिथे."

आता मंडळींची मतं उलट दिशेने फिरायला लागली. वहिनीने सगळ्यात आधी पदर सावरला. आत्याबाईंची खोली म्हणजे घराचा आधारच आहे, असं तिला नेहमीच वाटत होतं. धाकट्याने शहरातल्या मागच्या खोलीला हवा जरा कमीच आहे, हे मान्य केलं. कपडे धुण्याचं यंत्र हलवणंही अवघड होतं. वास्तुतज्ज्ञाने 'विसंगत' खोडून 'बांधणीच्या दृष्टीने अविभाज्य' असं टंकलं. दादा म्हणाले, "म्हणजे खोली ठेवावीच लागणार," आणि ते अशा सुरात म्हणाले की जणू इतका वेळ बाकीचे नको म्हणत होते.

"घ्या आत्या, जिंकलात तुम्ही," वहिनी हसत मागे वळली.

आत्या तिथे नव्हती. ती अंगणाच्या कडेला, मीटरच्या खांबाला पाठ लावून उभी होती.

*

टेकू लागेपर्यंत दुपार कलली. त्यासाठी पुरेसा लांब वासा सगळ्या शेतावर एकच निघाला, काल आत्याच्या छपरातून उतरवलेला. तो तिरपा लावला, बुडाशी दगड रचले. मग गवंड्याने पाडलेली पायरी पुन्हा रचायला घेतली. धाकटीने आत नवी काच चिकटवली आणि ती बराच वेळ शाबूत राहिल्यावरच कोणाला भिंतीजवळ येऊ दिलं.

आत्या बिनछपराच्या खोलीत आपल्या खाटेवर येऊन बसली. वर आभाळ होतं. खोली इतकी लहान आहे हे तिला आजवर कधी जाणवलं नव्हतं.

म्हणजे विटा आधीच सांगून ठेवलेल्या होत्या. गाडी दुसऱ्या दिवशी आली, पण आत्या परत आली म्हणून नव्हे. भट्टीवाल्याला काय ठाऊक, हिने नवरा सोडलाय. टेकू बांधायचाच होता, त्याच्याभोवती दोन भिंती आणि एक उतरतं छप्पर टाकलं की एक बाई मावते, असा हिशेब झाला असेल. तिला हसू आलं. अख्ख्या जन्मात एका माणसाने आपल्याला बघून काहीतरी केलं, या एका गोष्टीवर ती उभी होती. ती गोष्टही टेकवलेलीच निघाली.

"येऊ का, आत्याबाई?" धाकटी दारात होती.

"ये. दार ठोठावायची गरज नाही. वरूनही येता येतं."

धाकटी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली.  सांत्वन ही तिची शाखा नव्हती.

"तुझं बरोबर निघालं," आत्या म्हणाली. "खोली माझ्यासाठी नव्हतीच. मी उगाच सगळ्यांना ऐकवत होते. खरं म्हणजे स्वतःलाच ऐकवत होते. इतकी वर्षं बाबांचे उपकार मानत आले, आणि मला ठेवलं होतं टेकूच्या बगलेत."

धाकटी पायऱ्यांच्या भिंतीकडे बघत होती. मग वाकली, उशीच्या बाजूला भिंतीचा जो कोपरा यायचा त्यावरून तिने बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा वर.

"ही कड गोल आहे."

"झिजली असेल. म्हातारी झाली, माझ्यासारखी."

"बाकीच्या कडांना धार आहे. पलीकडच्या बाजूची बघा, कातडं सोलेल."

"सोललंय की. कोपर दाखवू?"

"झिजली असती तर जिथे तुमचा हात लागतो तिथेच झिजली असती. ही सगळीकडे सारखी गोल आहे, खाटेच्या उंचीपासून बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत. त्याच्या वर पुन्हा धार सुरू." तिने पिशवीतून एक बारीक पातं काढलं आणि चुना अलगद खरवडला. एक थर निघाला, पिवळसर. त्याखाली निळसर. त्याखाली पांढरा, आणि मग वीट. "हा पांढरा सगळ्यात पहिला?"

"बाबांनी स्वतः मारलेला. नंतरचे माझे."

"पहिला थरसुद्धा गोल कडेवरच चढलाय. धारेवर असता आणि नंतर झिजला असता, तर इथे उघडी वीट दिसली असती. म्हणजे चुना लावायच्या आधी, तुम्ही इथे एकदाही झोपायच्या आधी, ही कड कोणीतरी घासून गोल केली. वीट घासायला दुसरी वीट लागते आणि खूप वेळ लागतो." ती थांबली. आपण कुठवर खात्रीने बोलू शकतो, हे तिने स्वतःशी तपासलं. "भिंत टेकूसाठी बांधली, ते खरंच. पण टेकूला गोल कड लागत नाही, आत्याबाई. ती फक्त खाटेवर झोपणाऱ्या माणसाला लागते. तीही उशीकडच्याच बाजूची."

आत्याने हात पुढे केला. इतकी वर्षं रोज उठताना त्याच कडेला धरून ती उठत आली होती. तिने ती आता पहिल्यांदा हाताळली.

"मग तोंडाने सांगायला काय धाड भरली होती त्यांना?" ती म्हणाली. आवाज फाटला, तेव्हा तिने खाकरून तो जुळवून घेतला. "या घराण्यातल्या पुरुषांना बोलायच्या वेळी बोलता येत नाही. आणि नको त्या वेळी थांबता येत नाही."

बाहेरून तेवढ्यात दादांचा आवाज आला. उघड्या बांधकामावर दव पडू नये म्हणून खोलीवर काहीतरी घालायला हवं होतं, आणि सगळ्या शेतावर त्या मापाचं एकच कापड निघालं होतं.

फ्लेक्स.

दादांनी स्वतः तो कोठाराच्या भिंतीवरून उतरवला. शिडी आणली गेली. ती खोलीला टेकवून दादा वर चढले, खालून धाकटा एक टोक देऊ लागला.

"छापील बाजू वर घेऊ ना, आत्या?" दादांनी वरून विचारलं. आज पहिल्यांदाच त्यांनी काही करायच्या आधी विचारलं होतं. "पाणी सरकेल."

"खाली घे. वरून बघायला काय कावळे येणार आहेत? झोपल्या झोपल्या बघेन मी. आज दिवाणखान्यातच झोपायचं म्हणते ही तुमची डॉक्टरीण, पण उद्यापरवा येईनच इथे. नि सकाळी गवंड्याला पहिलं काम संडासाचं दे."

"फोटो—"

"फोटो माझ्या डोक्यावर आहे आता. मी सांगेन त्यात काय आहे नि काय नाही."

बाहेरून वहिनीने टाळी वाजवली. एकदाच, पण खणखणीत.

कापड ताणून बांधलं गेलं. वर आजोबा, आजी, गाय, आणि खाटेच्या बरोबर वर तो तिरपा दांडा. आत्या थोडा वेळ त्याच्याकडे मान वर करून बघत राहिली. मग धाकटीच्या हाताला धरून बाहेर आली आणि अंगणात मध्यापर्यंत चालत गेली.

छप्पर नसल्यामुळे खोली बुटकी झाली होती, लांबट घराच्या कडेला जवळजवळ दिसेनाशी. संडास नव्हता. टाकी नव्हती. टोकाच्या उंच भिंतीला वासा तिरपा टेकलेला होता, बुडाशी दगड होते.

"थोरल्या," तिने हाक मारली. "उतर खाली आणि लांबून बघ. आलं की नाही घर फोटोसारखं?"

दादा शिडीवरून उतरले. तिच्याजवळ आले, बघितलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. महिनोन् महिने खपून जे साधलं नव्हतं ते आज दुपारी झालं होतं, हुबेहूब.

"गाय तेवढी राहिली," आत्या म्हणाली. "जा, चार पावलं पुढे होऊन उभा राहा."